एकोणसत्तर जीबी गेले कुठे?

एक टेराबाइटची कोरी हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, की पडद्यावर आकडा येतो ९३१ जीबी. टेराबाइट म्हणजे हजार जीबी, हे तर शाळकरी पोरंही सांगतात. अजून एक फोटोसुद्धा डिस्कवर टाकलेला नाही आणि एकोणसत्तर जीबी कमी! ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुकानात येतं, तेव्हा ‘फॉरमॅटिंगमध्ये जाते हो तेवढी जागा’ असं सांगून बहुतेकदा त्याची बोळवण केली जाते. गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही आणि होऊही नये, कारण हे उत्तर चूक आहे. फॉरमॅटिंगला लागणारी जागा त्यामानाने अगदी किरकोळ असते. खरी गोष्ट अशी, की त्या डिस्कमधला एकही बाइट हरवलेला नाही.

खात्री करून घ्यायची तर माऊसची उजवी कळ दाबून त्या ड्राइव्हची ‘प्रॉपर्टीज’ची खिडकी उघडावी. तिथे क्षमतेचे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. एक बाइटमध्ये, एक लाख कोटींच्या आसपास. दुसरा ९३१ जीबी. आजच्या बहुतेक एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये प्रत्येकी ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. गुणाकार केला की उत्तर येतं १०,००,२०,४८,८६,०१६. म्हणजे कारखान्याने कबूल केल्यापेक्षा वीस कोटी बाइट वर दिले आहेत. फक्त विंडोज त्या बाइटांना हजार-हजार-हजारने न भागता १०२४ ने तीनदा भागते. तिच्या लेखी एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. माप मोठं घेतलं की मोजणी कमी भरणारच.

हा १०२४ कुणाच्या लहरीतून आलेला नाही. मेमरी चिपमधल्या प्रत्येक घराला पत्ता असतो आणि तो पत्ता तारांवरून चिपपर्यंत पोचतो. प्रत्येक तारेच्या अवस्था दोनच, शून्य किंवा एक. एका तारेने दोन घरं ओळखता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ, आणि दहा तारांनी बरोबर १०२४. मोजून हजार घरांची चिप करायची म्हटलं तरी तारा दहाच लागणार आणि चोवीस पत्ते रिकामे पडून राहणार. इंटेलने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १०२४ बिट मावत, आणि अशा चिपला ‘वन के’ म्हणायची पद्धत होती. फ्रान्सने १७९५ मध्ये दशमान मापांसाठी कायद्याने ठरवलेला ‘किलो’ हजारचा होता. पण हजार आणि १०२४ यांत अंतर जेमतेम २.४ टक्क्यांचं. इंजिनिअर मंडळींनी ते पोटात घातलं. त्या वेळी, त्या आकारांसाठी, ते गैर होतं असं मला वाटत नाही.

डिस्कचं घराणं मात्र आधीपासूनच वेगळं आहे. फिरत्या तबकडीवर किती मार्गिका आखायच्या हे चुंबकीय थराची घनता आणि वाचणाऱ्या डोक्याची अचूकता ठरवते. तिथे दोनच्या घातांचं बंधन नाही. आयबीएमने १९५६ मध्ये रामॅक संगणकासोबत जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. तिच्यात पन्नास तबकड्या, त्यांचे शंभर पृष्ठभाग, दर पृष्ठभागावर शंभर मार्गिका आणि दर मार्गिकेवर पाचशे अक्षरं होती. एकूण पन्नास लाख अक्षरं, सगळा हिशेब दशमानाचा. डिस्कवाल्यांनी गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी नंतर कधीतरी हजारचं माप काढलं, असा समज फार पसरलेला आहे. रामॅकचा हिशेब पाहिला की तो टिकत नाही.

दोन्ही मापं एका यंत्रात नांदू लागली आणि गोंधळ वाढला. त्यातला सर्वांत विचित्र नमुना म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्यावर ‘१.४४ एमबी’ लिहिलेलं असे. प्रत्यक्षात तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे १४४० गुणिले १०२४. एकदा हजारने आणि एकदा १०२४ ने गुणून तयार झालेला हा एमबी ना दशमानात बसतो ना द्विमानात, आणि तरी जगभरच्या कोट्यवधी फ्लॉप्यांवर तो छापला गेला.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अशी अडचण बाजारात भेटलेली आहे. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे: निम्म्याचं निम्मं करत जाणारा, सरळ दोनच्या घातांवर चालणारा हिशेब. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० चोख बसले. पण एका आण्याचे सव्वासहा होत, ते सहा धरायचे, तीन आण्यांचे पावणेएकोणीस, ते एकोणीस. दोन्ही नाणी काही काळ एकाच गल्ल्यात पडत होती. म्हणून सरकारने नव्या पैशाला ‘नया पैसा’ असं वेगळं नाव दिलं, ते नाण्यावर छापलं, आणि जुना हिशेब मागे पडल्यावर १९६४ मध्ये त्यातला ‘नया’ काढून टाकला. संगणकाच्या जगाने जे शहाणपण चार दशकं दाखवलं नाही, ते आपल्या टांकसाळीने पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

संगणकाच्या बाबतीत ते काम डिसेंबर १९९८ मध्ये झालं. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या पायऱ्यांना स्वतंत्र नावं दिली: किबी, मेबी, गिबी, टेबी आणि पुढे. १०२४ बाइटचा किबिबाइट, १०२४ मेबिबाइटचा गिबिबाइट. त्याची खूण जीबी नव्हे, जीआयबी. किलो, मेगा, गिगा हे शब्द फक्त हजाराच्या पटींसाठी राखले गेले. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची अधिकृत पुस्तिकाही स्पष्ट सांगते, की तिचे उपसर्ग दोनच्या घातांसाठी वापरू नयेत. ही नावं कानाला परकी लागतात हे खरं, पण त्यांनी प्रश्न पूर्ण सोडवला आहे. लिनक्सवरच्या अनेक साधनांनी ती स्वीकारली. ॲपलने २००९ मध्ये दुसरी वाट धरली आणि मॅकच्या पडद्यावर थेट हजारचा जीबी दाखवायला सुरुवात केली. खोक्यावर एक टेराबाइट, तर पडद्यावरही एक टेराबाइट. विंडोज मात्र आजही मोजते गिबिबाइट आणि शेजारी लिहिते जीबी. या गोंधळात सर्वांत मोठा वाटा त्या दोन अक्षरांचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला, आणि तिथे बोट डिस्कवाल्यांकडे होतं. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड केली. सीगेटने गिऱ्हाइकांना किमतीच्या पाच टक्के परतावा किंवा बॅकअपचं सॉफ्टवेअर देऊ केलं. पुढे पेन ड्राइव्हवरून सॅनडिस्कवर असाच खटला झाला, तो २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने फेटाळला. एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट, असं वेष्टनावर छापलेलंच होतं. निकाल मला योग्य वाटतो. तरी ती ओळ वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत का असावी, हा प्रश्न उरतोच.

अडीच टक्क्यांना कोण एवढं महत्त्व देतं, असं कुणी म्हणेल. अडचण अशी, की हा फरक दर पायरीला चढत जातो. मेगाला तो ४.९ टक्के, गिगाला ७.४, टेराला जवळपास १०, पेटाला १२.६, आणि योटापर्यंत पोचलं की २०.९. फ्लॉपीच्या काळात कुणाच्या लक्षातही न येणारी फट आज खिशातल्या डिस्कवर एका अख्ख्या लग्नाच्या फोटोंएवढी झाली आहे.

आकड्यांची प्रत्येक तफावत मात्र या १०२४ मुळे नसते. इंटरनेटचा वेग नेहमी दशमानात आणि बिटमध्ये सांगतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट. आठने भागून साडेबारा मेगाबाइट. रॅमचा जीबी मात्र तारांच्या हिशेबाने खरोखरच १०२४ चा, त्यामुळे आठ जीबी रॅममध्ये खोट निघत नाही. फोनमधली जागा कमी दिसते ती मुख्यतः अँड्रॉइड आणि सोबतच्या ॲपनी व्यापलेली असते. तिचा या भागाकाराशी फारसा संबंध नाही. आणि बनावट पेन ड्राइव्ह पडद्यावर भरघोस आकडा दाखवून आत भलतीच छोटी चिप ठेवतात, त्यामुळे आकडा पूर्ण दिसला म्हणून माल अस्सल ठरत नाही.

रूपांतराला दोनच संख्या पुरतात. खोक्यावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणलं की विंडोजचा आकडा मिळतो: ५०० चे ४६५, ६४ चे साडेएकोणसाठ. उलट जायचं तर १.०७४ ने गुणायचं. बॅकअपसाठी डिस्क घेताना हा उलटा गुणाकारच उपयोगी पडतो. लग्नांचं चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओच्या संगणकावर विंडोज १९०० जीबी भरल्याचं दाखवत असेल, तर प्रत्यक्षात ते २०४० जीबी आहेत, आणि दोन टेराबाइटच्या डिस्कवर मावणार नाहीत. निम्मी रात्र कॉपी चालल्यानंतर जागा संपल्याचा संदेश पाहण्यापेक्षा दुकानातच पुढच्या मापाची डिस्क मागावी.