आठ कोर, आठ वेग

सोलापूरच्या नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात खोक्यावर ‘ऑक्टाकोर, २.० गिगाहर्ट्झ’ असे दिसले, की गिऱ्हाईक सरळ हिशेब मांडते: कोर आठ आणि आठही दोन गिगाहर्ट्झचे. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. २०२० च्या सुमारास स्वस्त फोनांत दिसणारा मीडियाटेकचा हेलिओ जी८५ घ्या. त्याचे दोनच कोर २.० गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात. उरलेले सहा १.८ वर थांबतात आणि ते मुळातच साध्या, कमी वीज खाणाऱ्या बनावटीचे असतात. क्वालकॉमच्या महागड्या स्नॅपड्रॅगन ८६५ मध्ये तर तीन प्रती: एक कोर २.८४, तीन २.४२ आणि चार १.८ गिगाहर्ट्झचे. खोक्यावर मात्र सगळ्यांत मोठा आकडा. जाहिरातच ती.

एकाच चिपवरच्या कोरना असा वेगवेगळा वेग का द्यायचा? कारण विजेत आहे. प्रोसेसर ठोक्यांवर चालतो. दोन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोन अब्ज ठोके. ठोके वाढवायचे तर साधारणपणे व्होल्टेजही चढवावे लागते आणि विजेचा खर्च वेगाच्या आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उलट, वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०.८ चा तीनदा गुणाकार होतो आणि ढोबळमानाने निम्म्याच विजेत काम भागते. एक पंचमांश वेग सोडून निम्मी वीज वाचणार असेल, तर हा सौदा कोण नाकारेल? नुसता वेग वाढवत राहण्याचा रस्ता किती लवकर संपतो, हे इंटेलने २००४ मध्ये अनुभवले. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत कंपनीला रद्द करावा लागला. त्यानंतर सगळ्यांनीच वेगाऐवजी कोरांची संख्या वाढवायला घेतली.

पण सुरुवातीच्या बहुतेक चिपांमध्ये सगळ्या कोरना ठोका एकच असे. सोलापूरकरांना ही व्यवस्था नवी नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या जमान्यात गिरण्यांत इंजिन एक, त्यावर फिरणारा लांबलचक शाफ्ट आणि त्या शाफ्टवरून पट्ट्यांनी चालणारी यंत्रे असत. इंजिन मंदावले की सगळे खातेच मंदावे. पुढे शहरभर पसरलेल्या यंत्रमागांना आपापली विजेची मोटर आली, आणि टॉवेलचा माग चालू ठेवून शेजारचा चादरीचा माग बंद ठेवता येऊ लागला.

चिपमध्ये हा बदल तितका सुखाने झाला नाही. २००७ च्या अखेरीस आलेल्या एएमडीच्या फेनम प्रोसेसरमध्ये चारही कोरना स्वतंत्र वेग घेता येत होता. कल्पना उत्तम, घोळ घातला तो विंडोज व्हिस्टाने. ही प्रणाली चालू काम एका कोरवरून दुसऱ्यावर हलवत राही, आणि काम नेमके ज्या कोरवर जाऊन पडे तो अर्ध्या वेगाने सुस्तावलेला असे. त्याला जाग येईपर्यंत काम पुढच्या कोरकडे गेलेले! वीज वाचली, पण संगणक रेंगाळू लागला. २००९ च्या जानेवारीत आलेल्या फेनम-२ मध्ये एएमडीने पाऊल मागे घेतले आणि सर्व कोर पुन्हा एका वेगाने धावू लागले. चिपला जे जमते ते ऑपरेटिंग सिस्टीमला कळत नसेल तर ते असून नसल्यासारखे, हा धडा उद्योगाने तिथे घेतला.

म्हणूनच इंटेलने २०२१ मध्ये मोठ्या आणि छोट्या कोरांचे मिश्रण असलेली अल्डर लेक मालिका आणली, तेव्हा कोणते काम कोणत्या कोरला शोभेल हे विंडोज ११ ला सुचवणारी यंत्रणाही चिपमध्येच बसवली. त्या मालिकेतल्या आय९-१२९००के मध्ये मोठे कोर ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, तर छोटे ३.९ पर्यंत. त्याआधी २०१४ मध्ये इंटेलने सर्व्हरसाठीच्या झिऑन चिपांत प्रत्येक कोरला स्वतंत्र वेग दिला होता.

स्वतंत्र वेग सगळीकडेच फायद्याचा असतो असे मात्र नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये ७९७ टेराफ्लॉप्सच्या क्षमतेने सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाहा. अशा यंत्रावर एकच प्रचंड गणित हजारो कोरांत वाटले जाते आणि अनेकदा दर टप्प्याला सगळ्यांना सगळ्यांत हळू कोरची वाट पाहावी लागते. तिथे एखादा कोर पुढे पळाला तरी लाभ शून्य. त्यापेक्षा सर्व कोर थंड ठेवून सारखे पळवणे बरे. ‘परम ब्रह्म’ थंड ठेवायला द्रव वापरला जातो, तो उगाच नव्हे.

घरच्या संगणकावर हे वेग हाताने ठरवता येतात का? येतात. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये कोरनिहाय वेगाची सोय असते. लिनक्समध्ये प्रत्येक कोरची वेगळी नोंद असते. तिथे कमाल वेग लिहून ठेवता येतो. मात्र ज्या चिपमध्ये सगळ्या कोरना ठोका एकच आहे, तिथे एका कोरला आवर घालून काही साधत नाही. सर्वांत जास्त वेग मागणाऱ्या कोरचेच चालते. शिवाय एकाच चिपवरचे कोरही हुबेहूब सारखे निपजत नाहीत. एएमडीच्या रायझनमध्ये सर्वांत चांगल्या कोरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये खूणही दिसते. हाताने आकडे चढवण्याची हौस मात्र जपूनच करावी: व्होल्टेज वाढले की उष्णता वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात ती बाहेर टाकायला जागाच कमी उरते. इथे वेग चढवण्यापेक्षा कमाल मर्यादा थोडी उतरवणे शहाणपणाचे. पुष्कळ लॅपटॉपांवर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली तरी टर्बो, म्हणजे गरजेपुरता चढणारा वेग, बंद होतो आणि पंख्याचा आवाज उतरतो.

फोनवर ही मुभा सहसा मिळत नाही. फोन तापला की तो स्वतःच कोरांचा वेग उतरवतो, म्हणून उन्हाळ्यात चार्जिंगला लावून गेम खेळणे टाळावे. आणि नवा फोन घेताना कोर किती, एवढ्यावर थांबू नका. त्यातले मोठे किती, छोटे किती, आणि अर्धा तास सलग वापरल्यावर वेग टिकतो का, हेही दुकानदाराला विचारा.