‘मी न्यूट्रल आहे’ म्हणण्याआधी: राजकीय ओळख चार वाक्यांत कशी करून द्यायची?

ज्यांनी हा एपिसोड बसमध्ये, जिममध्ये किंवा भांडी घासताना अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना मी नेहमीप्रमाणे भरकटलो होतो, ते इथे थोडं नीट केलंय. बाकी भाषा तीच.

आजचा विषय साधा वाटेल. राजकारणावर बोलणाऱ्या एखाद्या नव्या ग्रुपमध्ये तुम्ही पहिल्यांदा जाता आणि कोणीतरी विचारतं, "तुमची ओळख सांगा ना." नाव सांगून होतं, काम सांगून होतं. मग पुढचा प्रश्न येतो, "राजकारणात तुम्ही कुठे?" इथे माझी जाम तंतरली होती. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

तो रविवार

१० डिसेंबर २०२३. पुण्यात एका मित्राच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात. चहा, पोहे आणि राजकारण. एक निवृत्त प्राध्यापिका हे सगळं जमवून आणतात, आम्ही त्यांना ताई म्हणतो. नियम एकच, आवाज चढवायचा नाही. मी पहिल्यांदाच गेलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळ गाव निफाड तालुक्यातलं. राजकारणात मी न्यूट्रल आहे."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कांद्याबद्दलही न्यूट्रल का?"

ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी: त्याच्या तीनच दिवस आधी, ७ डिसेंबरला, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती, सुरुवातीला ३१ मार्च २०२४ पर्यंत. लासलगाव आणि आसपासच्या बाजार समित्यांत शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले होते. आदल्या रात्री माझ्या पप्पांचा फोन आला होता. लाल कांदा काढून पडलेला. हा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. ते फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बघू, लिलाव चालू झाल्यावर नेऊ."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात सांगत होतो की मी न्यूट्रल आहे.

मला खोटं बोलायचं नव्हतं. मला फक्त कोणाच्या खात्यात जमा व्हायचं नव्हतं. कॉलेजमध्ये माझा रूममेट आणि मी एका निवडणुकीच्या वेळी असेच भांडलो होतो. त्याने मला एक लेबल लावलं, मी त्याला दुसरं लावलं. त्याच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. तेव्हापासून माझी पॉलिसी ठरली होती: विचारलं की न्यूट्रल म्हणायचं आणि विषय बदलायचा.

डावे-उजवे आले कुठून?

आधी या लेबलांचा हिशोब करू. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द अक्षरशः बसण्याच्या जागेवरून आलेत. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात राष्ट्रीय सभा भरली. राजाला कायदे रोखण्याचा अधिकार असावा का, यावर तिथे मोठा वाद होता. राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजवीकडे बसू लागले, विरोधातले डावीकडे. म्हणजे एका देशातला, एका काळातला, मुख्यतः एका प्रश्नावरचा सीटिंग प्लॅन. तो आपण आजही जगभर वापरतोय.

आपल्या लोकसभेत अजून गंमत आहे. तिथे सत्ताधारी पक्ष अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतो आणि विरोधक डाव्या हाताला. सरकार बदललं की बाजू बदलते. तिथे उजवीकडे बसणं म्हणजे विचार नाही, बहुमत.

पुढे लोकांच्या लक्षात आलं की एक रेघ पुरत नाही. म्हणून ‘पॉलिटिकल कम्पास’सारख्या चाचण्या आल्या. तिथे दोन अक्ष असतात: अर्थकारणात तुम्ही कुठे, आणि समाजावर सत्तेचा वचक किती असावा याबद्दल कुठे. तुमच्यापैकी अनेकांनी ती चाचणी देऊन स्टोरी टाकली असेल. मीही टाकली होती. एका रेघेपेक्षा ते बरं, पण त्यातले प्रश्न लासलगावच्या मार्केट यार्डात बसून लिहिलेले नाहीत, हेही खरं.

आमच्या भाषेत सांगायचं तर माणसाचं राजकारण ही एक भलीमोठी जेसन फाइल असते आणि लेबल म्हणजे तिच्यातून काढलेला एक बूलियन. ट्रू किंवा फॉल्स. त्यावरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही.

शरद जोशींना कुठल्या खान्यात टाकाल?

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. शरद जोशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी होती. ती सोडून परत आले, चाकणजवळ कोरडवाहू शेती घेतली आणि तिथूनच कांद्याचं आंदोलन उभं राहिलं. शेतकरी संघटना उभी केली. हजारो शेतकरी रस्त्यावर उतरवले. मग डावे?

पण त्यांची मागणी काय होती? सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढावा, शेतकऱ्याला खुला बाजार मिळावा. मग उजवे?

बरं, पुढे बघा. १९८६ साली चांदवडला त्यांच्या संघटनेचं महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. नंतर ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावावर करावी म्हणून त्यांनी गावोगाव प्रयत्न केले. आणि याच माणसाने मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिलं. १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी.

तुम्हाला हे पटो वा न पटो. मुद्दा असा की एका शब्दात त्यांची ओळख करून दिली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. आपणही सगळे असेच असतो, फक्त आपल्यावर पुस्तकं निघत नाहीत.

मग चार वाक्यं कोणती?

त्या रविवारी ताईंनी मला एक गृहपाठ दिला. पुढच्या वेळी ‘मी कोण’ हे चार वाक्यांत सांगायचं, पक्षाचं नाव न घेता. मी आठवडाभर डोकं खाजवलं. त्यातून जे निघालं ते असं.

पहिलं वाक्य: माझं काय पणाला लागलंय? म्हणजे कुठल्या निर्णयाने माझं किंवा माझ्या घरचं नुकसान-फायदा होतो. माझं वाक्य: "माझे वडील कांदा पिकवतात आणि मी पुण्यात कांदा विकत घेतो." हे आधी सांगितलं की समोरच्याला तुमच्या मताचा उगम कळतो. आणि आपल्यालाही.

दुसरं वाक्य: एका ठोस प्रश्नावर माझं मत. ‘विकास हवा’ हे मत नाही, तो कोणालाही हवा असतो. माझं वाक्य: "भाव वाढला की रातोरात निर्यात बंद करणं मला चुकीचं वाटतं, कारण भाव पडतो तेव्हा तेवढ्याच वेगाने कोणी धावत येत नाही."

तिसरं वाक्य: कशाबद्दल माझं मत बदललंय? हे सगळ्यात अवघड. मी लिहिलं, "कॉलेजात मला वाटायचं की सगळी सबसिडी म्हणजे फुकटेपणा. माझं स्वतःचं शिक्षण फीसवलतीवर झालं हे मी तेव्हा मोजतच नव्हतो."

चौथं वाक्य: मला काय कळत नाही, किंवा कुठे मी अडकलोय. माझं असं: "आमच्या डबेवाल्या काकू म्हणतात की बंदी आली ते बरं झालं, कांदा आवाक्यात आला. त्यांना काय उत्तर द्यावं हे मला माहीत नाही."

पुढच्या रविवारी हे वाचून दाखवलं. समोर एक काका बसले होते, ज्यांच्याशी माझं कधी पटेल असं मला वाटलं नव्हतं. कांद्यावर ते पूर्ण माझ्या बाजूने निघाले. फीसवलतीवर आम्ही अर्धा तास वाद घातला. पण तो फीसवलतीवरचा वाद होता, ‘तुम्ही लोक असेच’ असला नव्हता. फरक एवढाच. पण केवढा!

काय सांगायचं नाही?

आता सावधगिरीचा भाग. हा स्किप करू नका.

एक, मत कोणाला दिलं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ नुसार निवडणुकीत तुम्ही कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती करता येत नाही, अगदी कोर्टात साक्षीदार म्हणून उभे असलात तरीही. मग गच्चीवर तर प्रश्नच नाही. स्वतःहून सांगायचं असेल तर खुशाल सांगा. पण कोणी खोदून विचारलं तर "ते माझं आणि मशीनचं" एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

दोन, आडनाव. आपल्याकडे नाव, आडनाव आणि गाव या तीन प्रश्नांत समोरचा जात काढतो आणि जातीवरून मत काढतो. ‘मी जात मानत नाही’ असं सहज म्हणता येणं ही सोय सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. म्हणून आमच्या गच्चीवर आडनाव विचारत नाहीत. ज्याला सांगावंसं वाटतं, तो सांगतो.

तीन, टोपणनाव म्हणजे भित्रेपणा नव्हे. १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात एक पंचवीस वर्षांचा, सरकारी नोकरीतला तरुण समाजावर सडेतोड पत्रं लिहू लागला. सही असायची ‘लोकहितवादी’. खरं नाव गोपाळ हरी देशमुख. तीच पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली, प्रत्यक्षात १०८. नाव झाकलं म्हणून त्यांचा मुद्दा हलका झाला नाही. आजही सरकारी कर्मचाऱ्याला सेवानियमांमुळे राजकीय पक्षाचं सदस्य होता येत नाही. अशा माणसाला ‘खऱ्या नावाने बोल ना’ म्हणणं सोपं असतं, ऐकणाऱ्याला नोकरी असते. फक्त एक पथ्य पाळा: टोपणनावाने तेच बोला जे खऱ्या नावाने बोलताना लाज वाटणार नाही.

चार, लिहिलेलं राहतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट टाकली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. त्यातूनच चर्चेत आलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, घटनाबाह्य ठरवलं. चांगलं झालं. पण बाकीचे कायदे आहेतच आणि स्क्रीनशॉट कुठलंच कोर्ट डिलीट करत नाही. म्हणून ओळख करून देताना घरचा पत्ता, फोन नंबर, ऑफिसचं नाव टाकायची गरज नाही. भीतीपोटी नाही, हेल्मेट घालतो ना, तसं.

शेवटी पप्पा

निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य या अटींवर. तोवर आमचा लाल कांदा कधीच विकून झाला होता. कितीला, ते पप्पांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी त्यांना फोन करून हीच चार वाक्यं विचारली. आधी हसले. "माझी कसली ओळख? शेतकरी, बस." मी म्हणालो, "पप्पा, चौथं वाक्य सांगा. कुठे अडकताय?"

बराच वेळ मागे फक्त मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "लिही. कांद्याला भाव मिळावा म्हणतो मी. पण काढणीच्या बायांनी रोज वाढवून मागितला की मलाही जड जातं. त्यांचंही तेच म्हणणं आहे, जे माझं सरकारला आहे."

मी गेली दहा वर्षं त्यांच्याशी राजकारणावर भांडतोय. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, कारण हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला.

तर मंडळी, या आठवड्याचं काम: तुमची चार वाक्यं लिहा. आधी घरातल्या एका माणसाला ऐकवा, मग त्याची किंवा तिची ऐका. मधे बोलायचं नाही. आणि माझ्या त्या रूममेटपर्यंत हा एपिसोड पोचलाच, तर भावा, माझी चार वाक्यं वर आहेत. तुझी पाठव. उशीर झाला असेल, पण मी वाचेन.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.