पानगळीतले खेळ : भोपळा कापायची घाई नको

मागच्या आठवड्यात आपण मेपलची लाल-पिवळी पानं वेचली. आज भोपळ्याकडे वळू. ऑक्टोबर लागला की अमेरिकेत दुकानांच्या दारात केशरी भोपळ्यांच्या राशी दिसू लागतात आणि ३१ तारखेच्या हॅलोवीनपर्यंत कितीतरी घरांच्या पायऱ्यांवर डोळे-तोंड कोरलेले भोपळे येऊन बसतात. आयर्लंडमध्ये हे कोरीवकाम सलगमावर होत असे. तिथून आलेल्या लोकांना अमेरिकेत आयताच मोठा, पोकळ भोपळा मिळाला.

पण कोरणं म्हणजे सुरीचं काम. दीड-दोन वर्षांचं मूल तिथे नुसतं बघत उभं राहतं. शिवाय कोरलेला भोपळा आठवडाभरात मऊ पडून बुरसतो, अख्खा मात्र महिनाभर सहज टिकतो. म्हणून या वयाच्या मुलासाठी एक वेगळा, त्याच्या हक्काचा भोपळा आणावा आणि तो कापायची घाई करू नये, असं मी आग्रहानं सांगेन. दीड-दोन किलोचा, त्याच्या कवेत मावेल असा घ्या. देठाला धरून उचलू नका; देठ तुटला की तिथूनच तो सडायला लागतो.

पहिलं काम आंघोळीचं. जुना टूथब्रश, स्पंज आणि परातीत थोडं पाणी. खाचांमधली माती निघताना दिसते, आपल्या हातानं काहीतरी स्वच्छ झालं हे कळतं. मग भोपळा पाणी भरलेल्या टबात सोडा. इतकी जड वस्तू बुडणार असंच वाटतं, पण आत पोकळी असल्यामुळे तो तरंगतो. मूल त्याला खाली दाबतं, तो वर येतो, ते पुन्हा दाबतं. इथे समजावून सांगू नका, दाबू द्या. फक्त पाण्याजवळून क्षणभरही हलू नका.

दुसऱ्या दिवशी रंगकामाच्या चिकटपट्टीचे बोटभर तुकडे भोपळ्यावर लावून ठेवा आणि मुलाला ते सोलून काढू द्या. अंगठा आणि तर्जनीची चिमूट पहिल्या वर्षाच्या अखेरीस जमू लागते; पुढे बटणं लावायला, खडू धरायला तीच लागते. सोलून झाले की पुन्हा चिकटवू द्या. सगळे तुकडे एकाच बाजूला गेले तरी जाऊ देत. डोळ्यांच्या जागी डोळे बसवायचा मोह आपल्याला होतो, पण मग ती आपली कलाकुसर होते, मुलाचं त्यात नावच उरतं. पावलाला पांढरा रंग लावून कागदावर उमटवलेलं भूत मला याच कारणासाठी फारसं आवडत नाही. आजीला पाठवायला एखादं करा आणि थांबा.

आजीवरून आठवलं. मराठी घरात भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट असतेच. व्हिडिओ कॉलवर आजीनं ती सांगावी आणि मुलानं आपला भोपळा लोटत न्यावा. जेवणाच्या टेबलाखाली जंगल, तिथे वाघ दबा धरून बसलेला. भोपळा सरळ लोटला तरी वाकडा जातो, कारण तो नीट गोल नसतो. हे मुलाच्या हातांना आपोआप समजतं.

आता काळजीचं. ओकची फळं, भोपळ्याच्या बिया, चिकटवायचे हलते डोळे, हे सगळं या वयात घशात अडकू शकतं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. बॅटरीवरच्या छोट्या मेणबत्त्यांमध्ये बटणसेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. झाकण स्क्रूनं घट्ट बसणारी मेणबत्तीच घ्या, आणि सेल गिळल्याची शंका आली तरी लगेच इस्पितळ गाठा.

हॅलोवीनच्या मुखवट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञ रीटा डेव्हरीज यांनी १९६९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेनार्ड नावाच्या मांजराला कुत्र्याचा मुखवटा घातला होता. मांजराची मागची बाजू मुलांना सतत दिसत होती, तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांना तो आता कुत्रा झाला असं वाटलं. सहा वर्षांची बहुतेक मुलं फसली नाहीत. मग दोन वर्षांचं मूल मुखवटा घातलेल्या काकाला पाहून किंचाळलं, तर त्याला भित्रं कसं म्हणायचं? त्याच्यापुरता काका खरोखरच नाहीसा झालेला असतो.

म्हणून आठवडाभर आधीपासून आरशासमोर खेळा. कागदी ताटलीला मधोमध चेहऱ्याएवढं भोक पाडा, कडेला मुलाला खडूनं रेघोट्या मारू द्या. ताटली हातातच धरायची, गळ्यात दोरी बांधायची नाही. तिच्यातून आई डोकावते, ताटली खाली येते, पुन्हा आईच. ताटली वर-खाली करायचं काम मुलाकडे द्या. ३१ तारखेला ओळखीच्या दोन-तीन घरी उजेड असतानाच जाऊन या, आणि तिथल्या मंडळींना दार उघडताना मुखवटा हातात धरायला आधीच सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात हा भोपळा कापू : आतला गर, बिया आणि अंगणात ठेवलेल्या सालीवर येणारी बुरशी.