रविवार मिळवणारी माणसं

१८८१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एक होता परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे व्यापारी बिलं, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा कायदा. त्याच्या पंचविसाव्या कलमाने पेढ्यांची एक जुनी अडचण सोडवली. पैसे चुकते करण्याची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती त्याआधीच्या कामाच्या दिवशी संपली असं धरायचं. सार्वजनिक सुट्टी कशाला म्हणायचं तेही तिथंच सांगितलं होतं, आणि त्या व्याख्येत रविवार होता. महाराष्ट्र शासन दरवर्षी सुट्ट्यांची जी अधिसूचना काढतं, ती आजही याच कलमाच्या आधाराने निघते.

दुसरा कायदा कारखान्यांचा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि महिन्यातून चार दिवस सुट्टी द्यायची, असं त्यात होतं. मोठ्या बायका-पुरुषांच्या कामाच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कागदाला रविवार मिळाला होता. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो मिळायला आणखी नऊ वर्षं जायची होती. ती नऊ वर्षं मुंबईत कशी गेली, हे माहीत असल्याशिवाय आपल्या आठवड्याचा इतिहास पुरा होत नाही.

सूर्य आणि भोंगा

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि दोनच वर्षांत ताडदेवची ती गिरणी सुरू झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत परळ, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग या भागांत धुरांडी उभी राहिली. कोकणातून, त्यातही रत्नागिरीकडून, आणि घाटावरून सातारा-पुण्याकडून माणसं येत गेली.

गावाकडचं कामही कष्टाचंच होतं. पण त्या कष्टाला ऋतूचा चढउतार होता. पेरणी-कापणीच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि नंतर हात मोकळे होत. बेंदूर किंवा पोळ्याला बैलांच्याही मानेवरचं जू उतरे. जत्रा असे, अमावास्या असे, आठवड्याचा बाजार असे. गिरणीत वाफेच्या इंजिनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. विजेचे दिवे यायच्या आधी गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. त्यामुळे दिवस मोठा झाला की काम वाढे. हिवाळ्यातल्यापेक्षा उन्हाळ्यातला कामाचा दिवस दोन-तीन तासांनी लांब असे.

मोठ्या सणांना गिरण्या बंद राहत. रविवारची गोष्ट वेगळी होती. यंत्रं थांबली तरी ती पुसायला, साफ करायला कामगाराला यावंच लागे आणि सुट्टीचा अर्धाअधिक दिवस त्यातच जाई. अंग मोडून आलं तर खाडा करायचा आणि मजुरीवर पाणी सोडायचं, हाच उपाय होता. वारंवार खाडे केले तर मुकादमाची मर्जी जाई, आणि मुकादमाच्या मर्जीवरच नोकरी टिकून असे.

इंग्रजांनी आपल्या धर्माप्रमाणे रविवार पाळला आणि तो आपसूक आपल्याला मिळाला, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. रविवारच्या विश्रांतीमागे ख्रिस्ती परंपरा आहे हे खरंच. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये रविवारी न्यायालयं आणि शहरातले कारागीर यांना विश्रांतीचा हुकूम दिला होता. सरकारी कचेऱ्यांचा रविवारही याच परंपरेतून आला. पण तो कचेरीच्या दारापाशीच थांबला. इंग्रजांच्याच राज्यात गिरण्यांमधले कामगार रविवारी यंत्रं पुसत होते, आणि सरकारला त्यात हरकत घेण्यासारखं काही दिसत नव्हतं.

नारायण मेघाजी लोखंडे

ही हरकत घेतली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा, गरीब फुलमाळी कुटुंबातला. इंग्रजी शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर काम केलं. गिरणी आतून कशी चालते, मजुरी कशी कापली जाते, जखमी माणसाचं पुढे काय होतं, हे त्यांनी तिथं जवळून पाहिलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र सुरू केलं होतं. १८८० पासून लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवायला घेतलं आणि कामगारांची दुःखं छापणारं मराठी पत्र शहराला मिळालं.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. अशा आयोगापुढे मालक बोलत, डॉक्टर बोलत, अधिकारी बोलत. ज्यांच्याबद्दल चौकशी चाललेली असे, ते बहुधा गप्पच असत. लोखंड्यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यांच्या संघटनेचं ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ हे नाव याच काळातलं.

त्या निवेदनातल्या मागण्या मोजक्या आणि नेमक्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या यादीत रविवार पहिला आहे, याकडे लक्ष द्यायला हवं. मजुरी वाढवा ही मागणी तिच्यात नाही. या माणसांनी आधी वेळ मागितला. मागितलेला वार त्यांना परकाही नव्हता. घाटावरून आलेल्या अनेकांच्या घरी खंडोबा कुलदैवत, आणि रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या पायऱ्यांवर रविवारी भंडारा उधळणाऱ्या समाजाला तो दिवस पवित्र मानायला चर्चची घंटा ऐकावी लागत नव्हती.

विरोध कुणाचा होता?

मालकांचा विरोध समजण्यासारखा होता. खरी गुंतागुंत दुसऱ्या बाजूला होती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईचं स्वस्त सूत डोळ्यांत खुपत होतं. हिंदुस्थानात कारखाना कायदे व्हावेत म्हणून तिकडून जे दडपण येई, त्यात दयेपेक्षा धंद्याचा हिशेब मोठा होता. त्यामुळे देशी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या बहुतेक वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. परक्या स्पर्धकाचा डाव म्हणून त्यांनी कामाच्या तासांची चर्चाच बाजूला सारली.

त्यांचा संशय खोटा नव्हता. पण लँकेशायरचा स्वार्थ खरा असला म्हणून परळच्या कामगाराचा थकवा खोटा ठरत नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईतल्याच पारशी सुधारकाने १८७८ पासून मुलांच्या आणि स्त्रियांच्या संरक्षणासाठी कायद्याचा आग्रह धरला होता, तोही लँकेशायरच्या सांगण्यावरून नव्हे. देशी धंदा वाढावा आणि तो वाढवणाऱ्या देशी माणसाला विसावाही मिळावा, या दोन गोष्टी एकत्र मागता येतात. लोखंडे आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी त्या मागत होते. त्या काळात अशी भूमिका घेणारे फार थोडे होते, आणि म्हणूनच ‘दीनबंधु’चं मोल मोठं आहे.

एप्रिल ते जून १८९०

१८८४ चं निवेदन दप्तरात पडून राहिलं. सभा, अर्ज चालूच राहिले. मार्च १८९० मध्ये बर्लिनला युरोपीय देशांची कामगारविषयक परिषद भरली आणि तिने आठवड्याच्या विश्रांतीची शिफारस केली. हिंदुस्थानचा कारखाना कायदा सुधारावा म्हणून लंडनहून येणारं दडपण त्यानंतर वाढलं.

त्याच सुमारास, २४ एप्रिल १८९० रोजी, मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार माणसं जमली होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. सार्वजनिक सभेत स्त्रीने उभं राहणंच जिथं दुर्मीळ, तिथं गिरणीत राबणाऱ्या बायकांनी हजारो पुरुषांसमोर आपली मागणी मांडली. त्यांचं दुखणं दुहेरी होतं. गिरणीतून सुटल्यावर चूल, पाणी आणि मुलं त्यांची वाट पाहत असत.

सभेचं निवेदन १८७५ पासून काम करत असलेल्या गिरणीमालक संघाकडे गेलं. १० जून १८९० रोजी संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढे सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगावर लोखंड्यांना मुंबईसाठी सहसदस्य म्हणून घेतलं. १८९१ च्या दुरुस्त कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आणि मुलांचा सात तासांवर आला. कायद्याच्या कक्षेत पन्नास माणसांचे कारखानेही आले.

लोखंड्यांच्या संघटनेकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, घटना नव्हती. तिला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येत नाही, हा अभ्यासकांचा आक्षेप योग्य आहे. मात्र एवढ्या तुटपुंज्या साधनांनी तिने जे मिळवलं ते पाहिलं तर आदर वाढतो. एक पत्र, काही सभा आणि सह्यांचे कागद एवढ्यावर ही लढाई झाली. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं ते २००५ साली.

एका दिवसाने काय बदललं?

मिळालेला रविवार निर्दोष नव्हता. उक्त्या कामावर मजुरी घेणाऱ्याला बंद दिवसाचे पैसे मिळत नसत. शतक पालटताना गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची सीमाच पुसली गेली आणि कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ मध्ये मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध संप केले. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठीही बारा तासांची मर्यादा घातली.

तरीही पाया पक्का झाला होता. आठवड्यात एक दिवस कामाचा नाही हे एकदा ठरल्यावर कायद्याला माणसाचे श्रम आठवड्याच्या मापाने मोजता आले. १९२२ च्या कायद्यात आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न तासांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये तो अठ्ठेचाळीस तासांवर आला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच माप कायम केलं.

त्या मोकळ्या दिवशी गिरणगावाने स्वतःचं जग उभं केलं. गावकीच्या मंडळांच्या बैठका, भजनं, आखाडे आणि हुतूतूचे सामने यांना निवांत वेळ मिळाला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, आणि १९२२ मध्ये परळला उभ्या राहिलेल्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची रंगभूमी वाढली. मराठी शहरी संस्कृतीचा केवढा तरी भाग या मोकळ्या वेळावर पोसला गेला आहे.

अजून कुणाला मिळालेला नाही

गिरणीनंतर हा हक्क इतरांकडे सरकत गेला तोही टप्प्याटप्प्याने. मुंबई प्रांतात १९३९ साली दुकानं आणि आस्थापनांचा कायदा झाला आणि दुकानातल्या नोकराचीही गणना झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवण्याची मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला.

आणि याच राज्यात ऊसतोड कामगारांची जोडपी गळीत हंगामात पहाटेपासून फडात असतात, गाडी येईल तेव्हा रात्रीही मोळ्या भरतात. कोयता थांबवला की त्यांचीही मजुरी थांबते, जशी ती १८८४ साली खाडा करणाऱ्याची थांबत होती. घरोघरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला कारखान्याचा कायदा लागू नाही आणि दुकानांचाही नाही, कारण घर या दोन्हींत मोडत नाही. रविवारी घरातली सगळी माणसं घरी असतात म्हणून तिचं काम उलट वाढतं.

ऊसतोडीच्या प्रश्नाला कायदा आणि कारखान्यांची जबाबदारी लागेल, आणि ती मागत राहायला हवी. घरकामाच्या बाबतीत मात्र आयोग नेमण्याची, अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही. तिथं मालक आपणच आहोत. आठवड्यातला एक वार तिच्याशी बोलून ठरवावा, त्या दिवसाचा पगार कापू नये, आणि सणावाराचं कारण काढून तो मोडू नये. गिरणीमालक संघाने १८९० साली जे मान्य केलं, ते आपल्या घरात मान्य करायला आपल्याला कुणाच्या सह्यांची गरज पडू नये.