लाकडी जहाज-प्रतिकृतींची निर्मिती : साधने, संच आणि तंत्रे

प्रस्तावना

जहाजबांधणी ही भूमिती, काष्ठज्ञान आणि हस्तकौशल्य यांचा संगम असलेली विद्या आहे. दि. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘एच. एम. एस. त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचे फ्रिगेट जातीचे जहाज पाण्यात उतरले. जमशेटजी बमनजी वाडिया हे त्याचे प्रमुख निर्माते होते. या वर्गाच्या जहाजांचे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजावरून पाठविण्यात आले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत ‘जावा’ नष्ट झाले आणि आराखड्यांच्या प्रती पुन्हा पाठवाव्या लागल्या. इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई असल्याने हे जहाज सागवानात बांधले गेले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

आराखडा हाती येईपर्यंत बांधकाम अशक्य होते, हे या घटनेवरून दिसते. तथापि आराखड्यात जहाजाचा आकार असतो, प्रत्येक फळीचा आकार सहसा नसतो. तो सुताराला सांगाड्यावर शोधून काढावा लागतो. जहाजाची लाकडी प्रतिकृती तयार करणाऱ्यासमोरही, लहान प्रमाणात का होईना, हाच प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने प्रतिकृतीचे प्रमाण, बाजारात मिळणारे संच, साधने आणि फळ्या बसविण्याचे तंत्र यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रमाण आणि लाकडाची निवड

प्रतिकृतीचा पहिला निर्णय प्रमाणाचा असतो. १:४८ म्हणजे पाव इंचास एक फूट. याखेरीज १:६४, १:७२ आणि १:९६ ही प्रमाणेही रूढ आहेत. ‘त्रिंकोमाली’च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे जवळजवळ ४६ मीटर आहे. १:४८ प्रमाणात ती ९५ सेंटिमीटर, १:६४ प्रमाणात ७१ सेंटिमीटर, तर १:९६ प्रमाणात ४८ सेंटिमीटर भरते. पुढे आलेला नाळेवरील दांडा आणि डोलकाठ्या यांमुळे प्रत्यक्षात याहून बरीच अधिक जागा लागते, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

प्रमाणाचा परिणाम लाकडाच्या निवडीवरही होतो. मूळ जहाज सागवानी म्हणून प्रतिकृतीही सागवानीच असावी, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु १:६४ प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे मूळ जहाजावरील ६.४ सेंटिमीटर होय. सागाचे ठळक रेषे आणि मोठी छिद्रे अशा लहान आकारात विसंगत दिसतात. म्हणून प्रतिकृतीसाठी बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड निवडतात. युरोप-अमेरिकेत बासवुड, पेअर व बॉक्सवुड ही लाकडे वापरली जातात. आपल्याकडील हेद किंवा हळदू हे लाकूडही बारीक पोताचे असल्याने या कामास योग्य ठरते. यावरून असे म्हणता येईल की, प्रतिकृतीतील सत्यता ही मूळ द्रव्याच्या नकलेत नसून मूळ दृश्याच्या प्रमाणबद्ध प्रत्ययात असते.

संचांचे स्वरूप

अमाटी, मान्टुआ व कोरेल (इटली), आर्टेसानिया लातिना व ओक्रे (स्पेन), बिलिंग बोट्स (डेन्मार्क) आणि मॉडेल शिपवेज (अमेरिका) ही या क्षेत्रातील परिचित नावे होत. रचनेच्या दृष्टीने प्रतिकृतींचे प्रामुख्याने तीन प्रकार पडतात.

१) भरीव कायेची प्रतिकृती : एका ठोकळ्यातून किंवा थरावर थर चिकटवून जहाजाचा आकार कोरला जातो.

२) बल्कहेड पद्धती : प्लायवुडच्या उभ्या कण्यात जहाजाच्या आडव्या छेदांच्या आकाराचे तुकडे, म्हणजे बल्कहेड, खाचांमध्ये बसवून त्यांवर फळ्या चढवितात. बहुतेक संच या प्रकारचे असतात.

३) पूर्ण बरगड्यांची पद्धती : मूळ जहाजाप्रमाणे प्रत्येक बरगडी जोडून सांगाडा उभारला जातो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमध्ये आरमारी जहाजांच्या अशा प्रतिकृती बनविल्या जात. त्यांतील अनेकींचा खालचा भाग फळ्यांविना उघडा ठेवलेला असे, त्यामुळे बरगड्यांची रचना दिसते. ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे.

बल्कहेड पद्धतीच्या संचात कापलेले प्लायवुड, लाकडी पट्ट्या, धातूचे सुटे भाग, दोरा आणि आराखडे मिळतात. या पट्ट्या मात्र सामान्यतः सरळ व समान रुंदीच्या असतात. जहाजावरील फळी तशी कधीच नसते. थोडक्यात, संचात पट्ट्या मिळतात, फळ्यांचा आकार मिळत नाही. अनेक नवशिक्यांचे काम याच टप्प्यावर अडते.

आवश्यक साधने

आरंभी महागड्या यंत्रांची गरज नसते. धारदार पात्याची सुरी, बारीक दात्यांची करवत, लहान रंधा, पटाशी, विविध आकारांच्या कानशी, पॉलिश पेपर, पोलादी पट्टी, गुण्या, कंपास, बारीक भोके पाडण्याचे हातगिरमिट आणि चिमटे एवढ्यावर काम भागते. फळी चिकटेपर्यंत धरून ठेवण्यासाठी कपडे वाळत घालण्याचे चिमटेही उपयोगी पडतात. पांढरा लाकडी गोंद सावकाश वाळतो, त्यामुळे फळी सरकवून नीट बसविण्यास अवधी मिळतो.

फळ्या बसविण्याचे तंत्र

प्रथम बल्कहेडच्या कडा तिरक्या तासाव्या लागतात. नाळेकडे व पिछाडीकडे जहाजाची बाजू आत वळते. तेथे कडा चौकोनी राहिल्यास फळी केवळ एका धारेवर टेकते. एक लवचीक पट्टी अनेक बल्कहेडवरून धरून ती सर्वत्र समान टेकते किंवा नाही, हे तपासणे हाच यावरील विश्वसनीय उपाय आहे.

यानंतरचा प्रश्न भूमितीचा आहे. समजा, मधल्या बल्कहेडवर मजल्यालगतच्या रेषेपासून कण्यापर्यंतचा घेर १०० मिलिमीटर आहे. ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या घेतल्यास तेथे २० फळ्या बसतील. नाळेजवळ हाच घेर ६० मिलिमीटर असेल, तर त्याच २० फळ्यांना प्रत्येकी ३ मिलिमीटर जागा मिळते. म्हणजेच प्रत्येक फळी ५ मिलिमीटरपासून ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती केली पाहिजे. यासाठी प्रत्येक बल्कहेडवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा, त्याचे समान भाग करावेत आणि त्या खुणा बल्कहेडवर उतरवाव्यात. फळीची रुंदी निम्म्याहून कमी होऊ लागल्यास दोन फळ्यांची टोके एका फळीत मिळवितात. पिछाडीला घेर वाढल्यास मध्ये पाचरीसारखी भर-फळी घालतात.

फळी जाडीच्या दिशेने सहज वाकते, रुंदीच्या दिशेने मात्र वाकत नाही. बळाने वाकविल्यास तिची एक कड वर उचलली जाते. पातळ फळी पाण्यात भिजवून उष्णतेने वळण देता येते. वळण तीव्र असेल तेथे रुंद पातळ पत्र्यातून फळी वक्राकारच कापून काढणे श्रेयस्कर ठरते. कण्यालगतची पहिली फळी नाळेवर फार उंच नेणे ही एक सर्रास आढळणारी चूक आहे, कारण पुढील सर्व फळ्यांना तो चुकीचा वक्र अनुसरावा लागतो.

प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या प्रतिकृतीत उत्साहाच्या भरात एक बाजू पूर्ण करून मग दुसरी हाती घेतली. दुसऱ्या बाजूच्या सहाव्या फळीपर्यंत कणाच पिळवटला आणि चार महिन्यांचे काम सोडून द्यावे लागले. ओलसर फळी वाळताना आणि वाकविलेली फळी सरळ होऊ पाहताना सांगाड्यावर ताण येतो. म्हणून डावी-उजवी अशा जोडीनेच फळ्या बसवाव्यात, ही सूचना केवळ शिस्तीची नसून ताणाच्या समतोलाची आहे, हे तेव्हा उमगले.

दोरखंडांची जाडी

दोरखंडांबाबतही एक गैरसमज टाळावा लागतो. जुन्या आरमारी कोष्टकांत दोराचे माप परिघात दिलेले असते, व्यासात नव्हे. १२ इंची दोराचा व्यास सुमारे ९७ मिलिमीटर असतो आणि १:६४ प्रमाणात तो १.५ मिलिमीटर होतो. परिघालाच व्यास मानल्यास दोर तिपटीहून अधिक जाड होतो आणि प्रतिकृतीचा तोल नजरेला खटकतो.

निष्कर्ष

१) प्रतिकृतीचे यश साधनांच्या संख्येवर नव्हे, तर मापन आणि क्रम यांवर अवलंबून असते.

२) नवशिक्याने तीन मजली युद्धनौकेऐवजी एका डोलकाठीच्या साध्या जहाजापासून आरंभ करावा. त्यात तोफा व दोर कमी असतात, परंतु फळीचा प्रश्न तोच असतो आणि तो पूर्णपणे सोडविता येतो.

३) संच हा आरंभ म्हणून उपयुक्त आहे. मात्र फळी स्वतः मोजून कापली तरच ही विद्या हाती येते.

४) महाविद्यालयीन अध्यापनात या कार्याचा उपयोग होऊ शकतो. जहाजाच्या छेदांचा एक आराखडा, कागदाच्या पट्ट्या आणि कंपास एवढ्या साहित्यावर गणित व इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना वक्र पृष्ठाचा प्रश्न एका तासिकेत दाखविता येतो.

इंग्लंडहून आलेला आराखडा मुंबईच्या गोदीत जहाज झाला, तो फळी तासणाऱ्या हातांमुळे. त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. एक फळी स्वतः मोजून, निमुळती करून सांगाड्यावर नीट बसविली, की त्यांच्या ज्ञानाचे मोल पुस्तकाहून अधिक स्पष्टपणे कळते.