झेल्याची जाळी विणताना

गावरान आंब्याचं जुनं झाड म्हणजे चार-पाच पुरुष उंच. आमच्या शाळेमागे असं एक झाड आहे. दोन वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा त्यावरून पडला आणि हात मोडून बसला. मग झाडावर चढायला बंदी झाली. बंदीमुळे आंबे पाडणं काही थांबलं नाही, मुलांनी दगड हाती घेतले. दगडाने पडलेला आंबा खाली आपटतो, एका बाजूने मऊ पडतो आणि अढीत शेजारच्या चार आंब्यांना घेऊन सडतो. तेव्हा ठरवलं की झेला करायचा, आणि त्याची जाळी विकत न आणता मुलांनीच विणायची.

झेला आपल्या माहितीचा आहे : लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला जाळीची पिशवी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ तयार केला. त्यात देठ कापायला पातं असतं, म्हणून आंबा देठासकट जाळीत येतो. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही आणि काळे डागही पडत नाहीत.

जाळीने नेमकं काय होतं ते आधी पाहू. २०० ग्रॅमचा आंबा ५ मीटरवरून पडला, तर जमिनीशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १० मीटर होतो. गतिज ऊर्जा सुमारे १० ज्यूल. उन्हाळ्यातली आपली काळी जमीन दगडासारखी टणक असते. समजा, आंबा स्वतः चेपून अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबला. १० ज्यूलला ०.००५ मीटरने भागा. सरासरी बल येतं २००० न्यूटन, म्हणजे त्या क्षणी आंब्यावर दोन क्विंटलचं ओझं! आता झेल्यात बघा. देठ तुटल्यावर आंबा २० सेंटिमीटर पडतो आणि जाळी १० सेंटिमीटर खाली दबत त्याला थांबवते. एकूण उतार ३० सेंटिमीटर, थांबायला १० सेंटिमीटर. म्हणून सरासरी बल आंब्याच्या वजनाच्या तिप्पट, साधारण ६ न्यूटन. पडण्याची उंची कमी झाली हा एक फायदा आणि थांबण्याचं अंतर वाढलं हा दुसरा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात तो याच दुसऱ्या कारणासाठी. ‘झेल’ आणि ‘झेला’ एकाच क्रियापदातून आले आहेत, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

याच तत्त्वावर एक अख्खा खेळ चालतो. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा जुना खेळ. २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. यात चेंडू हाताने धरत नाहीत, काठीच्या टोकाच्या जाळीत झेलतात. गोलरक्षकाच्या काठीचं डोकं सर्वांत रुंद असतं. चेंडू सुमारे १४५ ग्रॅमचा असतो आणि तो ताशी १४४ किलोमीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा ११६ ज्यूल भरते. अशा चेंडूला ताठ जाळी परत उडवून लावते, फार खोल जाळी लवकर सोडत नाही. म्हणून अनेक खेळाडू आपली जाळी स्वतःच ओवतात आणि खोली आपल्या हाताला जुळवून घेतात. आमच्यापुढेही प्रश्न तोच होता : जाळी किती खोल आणि किती सैल?

आम्ही जाड तारेचं ३० सेंटिमीटर व्यासाचं कडं घेतलं. परीघ ९४ सेंटिमीटर. गावरान आंबा पाच-सहा सेंटिमीटर जाड, म्हणून घराची बाजू २ सेंटिमीटर ठरवली. आता कड्यावर घरं किती घ्यायची? मुलं पटकन म्हणाली, घर ताणलं की ४ सेंटिमीटर होतं, तेव्हा ९४ भागिले ४, म्हणजे साडेतेवीस. चोवीस घरांची जाळी सुरू केली. चार ओळी झाल्या तरी ती चाळणीसारखी सपाटच! खोली येईना.

असं का, ते आगपेटीच्या चार काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून समजतं. काड्यांचा चौकोन करा आणि दोन समोरचे कोपरे ओढा. तो आडवा लांबला की उभा मिटतो. जाळीचं घरही असंच आहे : रुंदी घेतली की खोली जाते. सर्वांत जास्त क्षेत्रफळ चौरस असताना मिळतं आणि तेव्हा कर्ण २ गुणिले १.४१, म्हणजे २.८३ सेंटिमीटर. ९४ भागिले २.८३ केलं की ३३ येतात. पायथागोरसचं प्रमेय आमच्या वर्गाला इतकं गरजेचं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. ४७ घरं घेतली तर उलट होतं. पिशवी अरुंद, लांबोडकी होते आणि आंबा तळाशी अडकतो.

विणण्याची पद्धत नदीवर जाळी विणणाऱ्यांचीच. वर्धा नदीकाठच्या गावांत ढिवर समाजातली म्हातारी माणसं आजही हाताने जाळं दुरुस्त करतात. एखाद्यांना शाळेत जरूर बोलवा, लिहून कळतं त्यापेक्षा पाहून लवकर कळतं. बांबूची चपटी सुई करून तिच्यावर दोरा गुंडाळायचा आणि २ सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत पट्टी हाताशी ठेवायची. कडं खिळ्याला टांगा. कड्यावर आधी दोरा घट्ट गुंडाळून घ्या, नाहीतर गाठी तारेवरून सरकतात. लॅक्रॉसच्या काठीला त्यासाठी भोकं असतात, आपल्याकडे ती सोय नाही. पहिल्या फेरीत पट्टीवरून दोरा घेत ३३ फासे कड्याला बांधा. पुढच्या फेरीत सुई वरच्या फाशातून मागून पुढे काढा, फाशाचं टोक पट्टीला टेकेपर्यंत दोरा खाली ओढा आणि अंगठ्याने दाबून धरा. उरलेल्या दोऱ्याचा वळसा डावीकडे टाका, सुई फाशाच्या दोन्ही धाग्यांमागून नेऊन त्या वळशातून बाहेर काढा आणि आवळा. अंगठा सुटला तर गाठ घसरते आणि घर मोठं होतं. पहिल्या शंभर गाठींत आमची निम्मी घरं लहानमोठी झाली होती.

प्रत्येक फेरीने खोली १.४१ सेंटिमीटर वाढते. २५ सेंटिमीटरसाठी १८ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ सहाशे गाठी. चार गटांत कामं वाटली तरी तीन दिवस गेले. शेवटच्या फेरीतल्या घरांतून दोरी ओवून तळ आवळला.

दोरा सुती घ्यावा की नायलॉन? कापसाच्या जिल्ह्यात आम्ही अर्थातच सूत घेतलं. सुताची गाठ घट्ट बसते, पण पावसात राहिलं तर कुजतं. नायलॉन कुजत नाही, मात्र गुळगुळीत असल्याने गाठ सुटते; प्रत्येक गाठ दुहेरी मारावी लागते. शिवाय नायलॉन ताणलं जाऊन परत खेचतं, त्यामुळे आंबा थोडा उसळतो.

हस्तकामातून गणित-विज्ञान शिकवावं हा विचार ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यातल्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. आमच्या मुलांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की जाळी आंब्याच्या दिवसांत तयार व्हावी.

ती झाली. एका खेपेला दोनच आंबे घ्यायचे असा नियम केला, कारण चार मीटर बांबूच्या टोकाला किलोभर वजन आलं की काठी तिरपी होताच हात भरून येतात. झेला वापरणाऱ्याने खाली उभं राहून वर बघताना डोळ्यांवर काहीतरी धरावं. पानांवरची धूळ आणि लाल मुंग्या जाळीतून थेट तोंडावर येतात.