जुन्या तबकड्यांचे डिजिटल जतन : मूळ प्रत ‘फ्लॅक’मध्ये, रोजच्या ऐकण्यासाठी ‘एमपी३’

कोलकाता : घरातील जुन्या तबकड्या आणि कॅसेट संगणकावर उतरवताना फाइलचा फॉरमॅट कोणता असावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. मात्र मूळ तबकडी फुटली किंवा झिजली, तर ती फाइलच त्या गायनाची एकमेव प्रत उरते. त्यामुळे हा निर्णय आरंभीच विचारपूर्वक घ्यावा लागतो.

ग्रामोफोन कंपनीने भारतातील आपले पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यातच केले. फ्रेड गैसबर्ग यांनी मुद्रित केलेल्या गायिकांत गौहरजान यांचा समावेश होता. याच शहरातील जादवपूर विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स’मध्ये आज उत्तर भारतीय शास्त्रीय संगीताचा डिजिटल संग्रह असून, त्यात खासगी संग्राहकांकडील ध्वनिमुद्रणेही आहेत.

फॉरमॅटचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. ‘वेव्ह’मध्ये ध्वनी सहसा संक्षेप न करता साठवला जातो. सीडीच्या दर्जाचे तीन मिनिटांचे गाणे त्यात सुमारे ३२ एमबी जागा घेते. २००१ मध्ये आलेला ‘फ्लॅक’ ही जागा साधारण निम्म्यावर आणतो आणि ध्वनीचा कोणताही अंश गमावत नाही. ‘एमपी३’ मात्र कानाला सहसा न जाणवणारे तपशील वगळतो. १२८ केबीपीएस दराने तेच गाणे सुमारे तीन एमबीत मावते.

वगळलेला तपशील परत मिळत नाही. ‘एमपी३’चे रूपांतर ‘फ्लॅक’मध्ये केल्यास फाइलचा आकार वाढतो, दर्जा नव्हे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांबाबत ही हानी अधिक जाणवते. त्यांची खरखर संक्षेपाला दाद देत नाही. कमी दराच्या फाइलमधील बरीचशी जागा तीच व्यापते आणि स्वराच्या वाट्याला कमी जागा उरते.

ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची शिफारस करते. घरगुती संग्रहासाठीही हे प्रमाण पाळून मूळ प्रत ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’मध्ये ठेवणे श्रेयस्कर. खरखर काढायची असल्यास ती दुसऱ्या प्रतीतून काढावी. पुढे अधिक चांगले तंत्र आल्यास अस्पर्शित प्रतच उपयोगी पडते. मोबाइलसाठी त्यावरून केव्हाही ‘एमपी३’ तयार करता येते. मूळ फाइल किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.